रजोनिवृत्तीचे निदान
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही काही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळणारे कलाशाखेचे पदवीधर. रजोनिवृत्तीवर आम्ही बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु या विषयातील अज्ञान आम्हांला घरातच भोवले आहे.

बदली होऊन चेन्नईत आलो ते ऐन मे महिन्यात. आमच्या सौ.ना एकाएकी चेहऱ्यावर उष्णतेची लाट येई, दरदरून घाम फुटे, रात्री झोप मोडे. आम्ही म्हणालो, "इथला उकाडाच तसा, होईल सवय." डिसेंबर आला, पंखे मंदावले, तरी त्यांचा घाम थांबेना. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नसल्याने दुभाषेपण आमच्याकडे आले. "शेवटची पाळी केव्हा?" हा प्रश्न आम्ही मराठीत विचारला व उत्तर ऐकून ओशाळलो. पंचवीस वर्षांच्या संसारात ही चौकशी आम्ही कधी केलीच नव्हती! पुरुष डॉक्टरांपुढे बोलण्यास स्त्रिया संकोचतात, हे आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली सेरामपूरच्या भाषणात सांगितले होते; नवऱ्यापुढचा संकोच मात्र कोणी मोजला आहे?

निदान तसे सोपे आहे. वय पंचेचाळिशीपुढे, संप्रेरकांची गोळी चालू नाही, अन्य कारणही नाही आणि सलग 12 महिने पाळी नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली. आपल्याकडे ती बहुधा 46-47 च्या सुमारास येते. एफ.एस.एच.ची रक्ततपासणी या वयात सहसा लागत नाही. त्या काळात तो आकडा आज चढतो, उद्या उतरतो. पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासण्या हव्यात. गर्भधारणा व थायरॉईडचा विकारही असेच सोंग घेतात. गर्भाशय काढलेल्या भगिनींना पाळीचा हिशेब लागू नाही. त्यांनी लक्षणे सांगावीत. आणि वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

उपकरण म्हणाल तर 1973 पासून निघणारे 'कालनिर्णय' पुरे. मुंबईचा पाहुणा ते आणतोच. आमच्या घरी दुधाच्या खाड्याशेजारी आता पेन्सिलीची बारीक फुली असते. गेल्या खेपेस दहा महिने कोरे गेले, अकराव्यात फुली पडली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून चालू आहे.