जुन्या मालट्रकाचे सुकाणू

चोर्ला घाटाच्या एखाद्या आवळ वळणावर जुना, पुरता भरलेला मालट्रक वळू लागतो, तेव्हा चालकाचे दोन्ही खांदे सुकाणूच्या चाकावर रेटलेले असतात. पुढच्या आसावर चार-पाच टनांचा भार असतो. अशा गाडीचे चाक परातीएवढे मोठे ठेवतात ते शोभेसाठी नव्हे. व्यास वाढला की तरफ लांबते आणि तेवढाच जोर कमी लागतो. तरीही दिवसाकाठी आठ-दहा तास ही झुंज दिल्यावर मनगटे बोलू लागतात.

या कष्टावरचा उपाय मुळात मालट्रकांच्याच अनुभवातून निघाला. अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य अभियंता असलेल्या फ्रान्सिस डेव्हिस यांनी नोकरी सोडून स्वतंत्रपणे प्रयोग केले आणि १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे सुकाणू मोटारीला बसवून दाखवले. त्यांची खरी युक्ती झडपेत होती. पंपातून निघालेले तेल एरवी मोकळे फिरत राहते. चालकाने चाक वळवले की झडप वाट अडवते आणि तेवढ्यापुरता दाब चढतो. मंदीच्या काळात मोठ्या कारखान्यांनी या कल्पनेकडे पाठ फिरवली. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत ती आली थेट १९५१ साली, क्रायस्लरच्या गाडीत.

जुन्या ट्रकाला अशी जोड देणे म्हणजे केवळ पंप आणून टांगणे नव्हे. पुढच्या आसाचा भार पाहून त्याला पेलेल असा स्टिअरिंग बॉक्स निवडावा लागतो. ड्रॉप आर्मची लांबी आणि तिची फिरण्याची दिशा जुन्याशी जुळली नाही, तर चाके नीट वळत नाहीत. बॉक्स चेसिसवर घट्ट बसला पाहिजे. यंत्राचा जोर आता तेथेच येतो, म्हणून पट्टीच्या कडेला वाटेल तसे भोक पाडणारा किंवा वेल्डिंग मारणारा मिस्त्री उद्याच्या तड्याचीच सोय करीत असतो. तेलाची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी. काम झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात. टाकीत दुधाळ फेस दिसला तर आत हवा उरली आहे असे समजावे.

मात्र किंगपिन झिजलेल्या असतील, बॉल जॉइंट सैल असतील, तर ही सर्व मेहनत फसवी ठरते. जड सुकाणू निदान हाताला दोष कळवीत असे. हलके झालेले सुकाणू तो झाकून टाकते. आधी खालची दुरुस्ती, मग वरची सोय, हा क्रम पैशाच्या ओढीने अनेक मालक उलटा करतात.

याहून गंभीर गोष्ट उतारावरची आहे. डिझेल वाचवण्यासाठी घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनच बंद करण्याची खोड अद्याप गेलेली नाही. इंजिन थांबले की पंप थांबतो. सुकाणू तुटत नाही, कारण आतील दांडे-दंतचक्रे जोडलेलीच राहतात. पण साहाय्य नाहीसे होते आणि हलक्या हाताची सवय लागलेल्या चालकाला ऐन वळणावर एकदम पूर्वीइतका, कधी त्याहूनही अधिक जोर लावावा लागतो. वाऱ्याचे ब्रेक असतील तर टाकीत नवी हवा भरणेही त्याच क्षणी बंद पडते. दोन लिटर डिझेलपायी एवढा सौदा कोणत्या मालकाला परवडतो?

म्हणून गॅरेजमधून गाडी बाहेर पडण्यापूर्वी, मोकळ्या सपाट मैदानावर, इंजिन बंद ठेवून आणि मागून दुसऱ्या गाडीने हळू ढकलवून, चालकाने एकदा स्वतःच्या हातांनी ते चाक वळवून पाहावे. क्लीनरलाही सोबत बसवावे. पुष्कळदा रात्रीच्या वेळी गाडी त्याच्याच हाती असते.