पंप थांबल्यावरचं पाणी



इंदापूर तालुक्यात अणुभट्टीवर बोलायचं, तर सुरुवात साखर कारखान्याच्या बॉयलरपासून केलेली बरी. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून वालचंदनगरच्या कार्यशाळांपर्यंत शेळगावच्या आजूबाजूचा हा पट्टा वाफेवरच वाढला. बगॅसच्या बॉयलरमध्ये भट्टीलगतच्या नळ्यांतलं पाणी तापून वाफेसकट ड्रमकडे चढतं आणि ड्रममधलं तुलनेनं वजनदार पाणी डाउनकमरमधून खाली येतं. फीडपंप फक्त ड्रम भरलेला ठेवतो. नळ्यांतून पाणी फिरवायला वेगळा पंप नसतो. घनतेतला फरकच ते काम करतो. नैसर्गिक अभिसरण म्हणतात ते हेच. अणुकेंद्रातली मंडळी त्याला थर्मोसायफन म्हणतात.

बगॅस घालणं थांबवलं की बॉयलर निवायला लागतो. अणुभट्टीचं तसं नाही. साखळी प्रक्रिया क्षणात थांबवता येते, पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. २२० मेगावॅट विजेच्या भारतीय भट्टीत सुमारे ७५० मेगावॅट उष्णता निर्माण होते. भट्टी बंद केल्याक्षणी त्यातली सहा-साडेसहा टक्के शिल्लक असते, तासाभरानं सव्वा-दीड टक्का, दिवसभरानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्के किरकोळ वाटतात, पण अर्धा टक्का म्हणजेसुद्धा पावणेचार मेगावॅट. ती उष्णता बाहेर नेली नाही, तर इंधन स्वतःच्याच उष्णतेनं वितळू शकतं.

वीजच गेली आणि पंप थांबले, तर ती न्यायची कशी? याचं उत्तर भारतानं एका रात्री प्रत्यक्ष पाहिलं. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनचा सुमार, उत्तर प्रदेशात गंगाकाठचं नरोरा केंद्र. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, यंत्र हादरलं, जनित्रातला हायड्रोजन पेटला आणि आग केबलींतून पसरत गेली. कर्मचाऱ्यांनी मिनिटभराच्या आत भट्टी बंद केली. थोड्याच वेळात नियंत्रण कक्षात धूर भरला, कक्ष सोडावा लागला आणि केंद्राची सगळी वीज गेली, ती सुमारे सतरा तास. काही जण हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले. भट्टी पुन्हा जागी होऊ नये, म्हणून त्यांनी बोरॉनयुक्त द्रावणाच्या झडपा हातानं उघडल्या. डिझेलवर चालणारे आग विझवण्याचे पंप सुरू करून त्यांचं पाणी भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या बाष्पजनित्रांकडे वळवण्यात आलं.

बाष्पजनित्रं इंधनाच्या गाभ्याहून उंचावर असतात आणि सगळी मेख तिथेच आहे. गाभ्यात तापलेलं जड पाणी (हेवी वॉटर) वर चढलं, बाष्पजनित्राच्या नळ्यांत निवलं आणि खाली आलं. एकही मुख्य पंप चालू नव्हता. गाभा शाबूत राहिला आणि किरणोत्सार बाहेर पडला नाही. तरीही आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली, आणि ते योग्यच होतं.

नरोराचं वर्णन पुष्कळदा ‘निसर्गानं वाचवलं’ अशा थाटात केलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पाणी आपोआप फिरलं, पण बाष्पजनित्रात गार पाणी आपोआप आलं नाही. ते माणसांनी पोचवलं. वरच्या टोकाला उष्णता घेणारं कुणी नसेल, तर हे चक्र काही काळ रेंगाळून मंदावतं. शिवाय नळ्या पाण्यानं भरलेल्या हव्यात. उंचवट्यावर वाफेचा फुगा अडकला, तर घनतेतल्या फरकातून मिळणारा तुटपुंजा जोर तो ओलांडू शकत नाही.

असा फुगा ११ जून १९८० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या सेंट ल्युसी केंद्रात तयार झाला. मुख्य पंपांना थंड ठेवणारं पाणी तुटलं, म्हणून पंप बंद करावे लागले आणि नैसर्गिक अभिसरणावर भट्टी निववायला घेतली. गाभ्यातलं पाणी नीट फिरत होतं. भट्टीपात्राच्या घुमटाखालचं पाणी मात्र या प्रवाहात नव्हतं; बाकीचं चक्र निवलं तरी ते कढतच राहिलं. दाब उतरवल्यावर तिथे वाफ झाली, तिनं पाणी ढकललं आणि दाब राखणाऱ्या प्रेशरायझरमधली पातळी अचानक वर गेली. भट्टीत पाणी वाढलं आहे, असं वाटावं अशी ती खूण! थ्री माइल आयलंडचा अपघात होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं आणि तिथे याच पातळीनं चालकांची दिशाभूल केली होती. सेंट ल्युसीत निभावलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अणुनियामकानं अशा प्रकारच्या केंद्रांना आपापल्या पद्धती तपासायला सांगितलं.

तेव्हा पंपांशिवाय भट्टी निववायची म्हणजे घाई टाळायची. गाभ्यातून बाहेर पडणारं पाणी उकळबिंदूपासून पुरेसं खाली आहे ना, त्याचं तापमान स्थिर किंवा उतरतं आहे ना, परतणाऱ्या पाण्याचं तापमान बाष्पजनित्राच्या दाबाशी जुळतं आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. घुमटाला निवायला वेळ द्यायचा आणि मगच दाब उतरवायचा. चालकाच्या हाताला हे जड जातं. काहीतरी फिरवावं, दाबावं असं वाटत राहतं.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं या तत्त्वाला आणीबाणीपुरतं ठेवलं नाही. प्रगत जड पाणी अणुभट्टीच्या आराखड्यात मुख्य पंप मुळात नाहीतच. पूर्ण शक्तीवरही गाभ्यातलं पाणी आपसूक फिरावं अशी ती रचना. त्यामागे डॉ. अनिल काकोडकरांचा मोठा वाटा. इमारतीच्या माथ्यावर सुमारे ८,००० घनमीटरचा जलसाठा कल्पिला आहे. उकळत्या पाण्याचा प्रवाह डचमळतो, कमी दाबावर तर फारच. म्हणून केंद्रात चाचणी-चक्रं उभारून वर्षानुवर्षं प्रयोग झाले. भौतिकीच्या पडताळणीसाठीची छोटी भट्टी २००८ मध्ये सुरू झाली. मोठी भट्टी मात्र अजून कागदावरच आहे, ही खंत आहेच.

गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॅटचं तिसरं युनिट २०२३ मध्ये आणि चौथं २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आलं. तिथे नरोरात माणसांनी केलेलं काम आराखड्यातच बसवलं आहे. बाष्पजनित्रातली वाफ उंचावरच्या टाकीत बुडवलेल्या नळ्यांत शिरते, तिचं पाणी होतं आणि ते स्वतःच्या वजनानं परत बाष्पजनित्रात उतरतं. टाकीतलं पाणी तापत, उकळत, आटत जातं. म्हणून ती पुन्हा कशी भरायची, हेही ठरवून ठेवावं लागतं.