उडीआधीचा फोन

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक चौकशी करतो. आपल्यापैकी किती जण स्वित्झर्लंडला जाऊन आलेत? बरेच हात वर आले. म्हणजे युंगफ्राउयोखचा बर्फ बघायला जाताना लाउटरब्रुनेनचं खोरं तुम्ही पाहिलं असणार. दोन्ही अंगांना ताशीव कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे, खाली कुरणं आणि गाई. तिथल्या श्टाउबबाख धबधब्यासमोरचा फोटो तर घरोघरी आहे. पण फोटो काढताना कुणी कड्याच्या माथ्याकडे निरखून पाहिलं होतं का? तिथे कधी कधी एक ठिपका उभा असतो. तो पुढे झुकतो, सुटतो, काही सेकंद दगडासारखा खाली येतो आणि मग त्याच्या डोक्यावर रंगीत पॅराशूट उघडतं.

हा बेस जंपर. मला आज त्याच्या पडण्यापेक्षा त्याआधीच्या एका अगदी साध्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कडा सोडण्यापूर्वी हा माणूस खोऱ्यातल्या हेलिकॉप्टर तळाला फोन करतो. मी अमुक जागेवरून उडी मारतोय, तुमचं हेलिकॉप्टर आसपास नाही ना, एवढीच विचारणा. जो माणूस जिवावर उदार झालाय असं आपण समजतो, तो आधी विचारून घेतो. या फोनने मला कोड्यात टाकलं आणि त्याच्यामागे मी बरंच वाचत गेलो. मी स्वतः अशी उडी कधी मारलेली नाही. माझी हयात सह्याद्रीच्या कातळावर गेली, तीही दोर बांधून. तेव्हा हे बोलणं शेजाऱ्याचं आहे, घरच्याचं नाही.

आधी ‘बेस’ या नावाचा उलगडा. बी म्हणजे बिल्डिंग, इमारत. ए म्हणजे अँटेना, उंच मनोरा. एस म्हणजे स्पॅन, पूल. आणि ई म्हणजे अर्थ, म्हणजे कडा. विमानातून उडी न घेता या चार स्थिर गोष्टींवरून उडी घ्यायची. कार्ल बोएनिश हा अमेरिकन छायाचित्रकार, त्याची बायको जीन आणि त्यांचे दोन मित्र यांच्यातून हे नाव रूढ झालं. चारही प्रकारच्या जागांवरून उड्या पूर्ण करणाऱ्याला क्रमांक द्यायची प्रथा १९८१ मध्ये पडली. त्याआधी १९७८ मध्ये बोएनिशने कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या सुमारे ३,००० फुटी कड्यावरच्या उड्यांचं चित्रीकरण केलं होतं. आधुनिक बेसची सुरुवात तिथून धरतात.

आता कौशल्याकडे येऊ. त्यासाठी शाळेतलं एक गणित करावं लागेल. हवेचा अडथळा सोडून द्या. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात १६ फूट खाली येते, दोन सेकंदांत ६४, तीन सेकंदांत १४४. म्हणजे तुम्ही एक, दोन, तीन म्हणेपर्यंत चौदाएक मजले संपले. अमेरिकेत आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स गावी पेरीन पूल आहे, ४८६ फूट उंच. तिथे वर्षभर परवान्याशिवाय उडी मारता येते, म्हणून नवशिके तिथे जातात. त्या पुलावरून पॅराशूट न उघडता खाली यायला सहाएक सेकंद लागतील. सगळं काही या सहा सेकंदांत उरकायचं.

विमानातून उडी घेणाऱ्या स्कायडायव्हरचं तसं नसतं. तो बारा-तेरा हजार फुटांवरून निघतो आणि त्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक फसलं तर दुसरं. शिवाय विमानाच्या वेगामुळे बाहेर पडताक्षणी त्याला वाऱ्याचा आधार मिळतो, त्या वाऱ्यावर तो अंग सावरू शकतो. कड्यावरून निघणाऱ्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत वाराच नसतो. पाय सुटताना शरीर जसं होतं, तसंच ते पडत राहतं. डोकं खाली गेलं असेल तर ते वर आणायला धरायला काही नसतं. म्हणून शेवटच्या पावलाची तालीम ही मंडळी जमिनीवर पुन्हा पुन्हा करतात. आणि पॅराशूट एकच. कमी उंचीवर दुसरं उघडायला वेळच उरत नाही, मग त्याचं ओझं कशाला वाहायचं?

त्या एकुलत्या पॅराशूटची घडी ज्याची त्याने स्वतः करायची. शांत बसून, एकेक पदर सरळ करत. किती सेकंद पडायचं त्यावर घडी ठरते. मोठं पॅराशूट ओढून काढणारी एक चिमुकली छत्री असते, पायलट शूट. उडी छोटी असेल तर ही चिमुकली मोठ्या मापाची घ्यायची, कारण वेग कमी असतो आणि तिला ओढायला जोर कमी मिळतो. उडी लांबची असेल तर लहान मापाची. दोऱ्यांवरून सरकणारा स्लायडर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो, तो वेगात उघडणाऱ्या पॅराशूटचा हिसका कमी करतो. छोट्या उडीत तो काढून टाकतात, कारण तिथे हिसका परवडतो, उशीर परवडत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या फराळात भाजणीचं प्रमाण जसं हाताला कळतं, तसं हे यांच्या हाताला कळावं लागतं. फरक इतकाच की इथे चकली बिघडली तर पुढचा घाणा नाही.

एवढं करूनही पॅराशूट उघडताना उलटं फिरू शकतं आणि माणूस सरळ कड्याकडे निघतो. बेसमधला हा फार मोठा धोका. ते ओळखून दोऱ्या खेचून तोंड फिरवायला एखादा सेकंद मिळतो. म्हणून जाणती मंडळी सांगतात की आधी विमानातून दीड-दोनशे उड्या मार, पॅराशूट चालवणं अंगवळणी पडू दे, मग जाणत्या माणसाच्या हाताखाली पुलावर ये.

कौशल्य इतकं अवघड असेल तर शिष्टाचाराला विचारतो कोण, असं वाटेल. इथेच या खेळाचा इतिहास बघावा लागतो. १९१२ च्या फेब्रुवारीत फ्रान्झ रायशेल्ट नावाचा शिंपी स्वतः शिवलेला पॅराशूटचा पोशाख घालून आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून खाली झेपावला. पोलिसांना वाटत होतं की प्रयोग बाहुलीवर होणार. बाहुली आणलीच नव्हती. खाली कॅमेरे चालू होते आणि त्यांनी त्याचा मृत्यू टिपला. परवानगी देणाऱ्याला अंधारात ठेवणं आणि समोर कॅमेरा असणं, ही जोडी या खेळाच्या जन्मापासूनची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्येच कांडरस्टेगजवळ पंखांचा पोशाख घातलेल्या एका तरुणाची शेवटची उडी फेसबुकवर थेट प्रसारित होत होती. मधे शंभर वर्षं गेली होती.

एल कॅपिटनची गोष्ट त्याहून बोधक आहे. १९८० मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने चक्क परवाने द्यायला सुरुवात केली. नियम थोडेच होते. ते काहींनी धुडकावले आणि ते वर्ष सरण्याआधीच उद्यानाने परवाने बंद केले. बेसवाल्यांच्या भाषेत याला जागा ‘जाळणं’ म्हणतात. एकाच्या बेपर्वाईने ती सगळ्यांसाठी जळते. नंतर तिथे उड्या थांबल्या नाहीत, फक्त लपूनछपून होऊ लागल्या. पहाटे, संध्याकाळी, अंधुक उजेडात. म्हणजे बंदीने धोका वाढवला, असं जंपर म्हणतात. १९९९ च्या जूनमध्ये फ्रँक गॅम्बाली हा जंपर सुखरूप उतरला, पण रखवालदार मागे लागले म्हणून पळताना मर्सेड नदीत बुडून गेला. उडीने त्याला मारलं नाही, पाठलागाने मारलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निषेध म्हणून काही जंपरांनी उघडपणे, सांगूनसवरून उड्या मारल्या. जॅन डेव्हिस ही साठ वर्षांची अनुभवी बाई त्यांत होती. सामान जप्त होणार हे ठरलेलं, म्हणून तिने स्वतःचं न वापरता उसनं घेतलं. ते तिच्या हाताच्या सवयीचं नव्हतं. पॅराशूट उघडलं नाही आणि जमलेल्या माणसांदेखत ती गेली.

आता सांगा, या दोन मृत्यूंची कारणं कशात मोजायची? कौशल्यात, साहित्यात, कायद्यात की १९८० मध्ये मोडलेल्या शब्दात? मला तरी यांचे धागे वेगळे काढता येत नाहीत. उद्यानाची बाजू मी सोडून देत नाही, बंदीच्या अंमलबजावणीत कठोरपणा होताच. पण ज्यांनी १९८० चे नियम मोडले, त्यांनी ती उडी फक्त स्वतःपुरती मारली नव्हती.

याच्या उलट नॉर्वेकडे बघा. तिथेही सुरुवात दुःखाचीच. जुलै १९८४ मध्ये कार्ल बोएनिश ट्रॉलवेगेनच्या भिंतीवरून पत्नीसह विक्रमी उडी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला आणि गेला. १९८६ मध्ये त्या भिंतीवर बंदी आली. पण दक्षिणेला लीसेफ्योर्डच्या काठावर शेराग हा सुमारे हजार मीटरचा कडा आहे. तिथे स्टावांगर शहरातल्या क्लबने वेगळी घडी बसवली. आलेल्या प्रत्येकाला आधी जागेची माहिती द्यायची आणि प्रत्येक उडीची नोंद ठेवायची. त्या वहीमुळे पुढे डॉक्टरांना अभ्यास करता आला. १९९५ ते २००५ या अकरा वर्षांत २०,८५० उड्या, ८२ जखमी करणारे अपघात, ९ मृत्यू. म्हणजे सुमारे २,३०० उड्यांमागे एक मृत्यू. हा आकडा एका व्यवस्थित चालवलेल्या उंच कड्याचा आहे, सगळीकडे लावू नये. आणि तो लहानही नाही. कुणी मला म्हणालं की या जिन्यावरून दोन हजार तीनशे वेळा उतरलं की एकदा माणूस मरतो, तर मी तळमजल्यावरच बिऱ्हाड करीन. (हशा) पण तो आकडा आपल्या हाती आहे, कारण कुणीतरी शाई-कागद घेऊन बसलं होतं.

नोंदीची ही सवय या समाजात खोल रुजली आहे. जगभरातल्या बेस मृत्यूंची एक यादी हे लोक ठेवतात. पहिली नोंद १९८१ ची, आणि यादीने चारशेचा आकडा कधीच ओलांडला. प्रत्येक नोंदीत काय घडलं ते लिहिलेलं असतं. वारा कसा होता, किती वेळ पडला, घडी कशी होती. वाचवत नाही. पण नवशिक्याला ती वाचायला लावतात. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात. ते वाईट बोलत नाहीत, पण झाकूनही ठेवत नाहीत. गेलेल्याची चूक सांगणं हा त्यांच्यात त्याचा अपमान मानला जात नाही, ते त्याच्याकडून घेतलेलं शेवटचं शिकणं असतं.

आता पुन्हा लाउटरब्रुनेनला जाऊ. तिथे बंदी नाही, परवान्याचीही गरज नाही. तरी उतरण्याचं एक कार्ड विकत घ्यायची रीत आहे, आणि त्यातला पैसा शेतकऱ्यांकडे जातो. कारण जंपर उतरतो ते मैदान नव्हे, कुणाचं तरी कुरण आहे. ते गवत कापून, वाळवून हिवाळ्यात गाईंना घालायचं असतं. तुडवलेलं गवत नीट कापलं जात नाही. म्हणून उंच वाढलेल्या गवतात उतरायचं नाही, उतरलं की पॅराशूट गोळा करून जवळच्या वाटेने बाहेर पडायचं, घडी करत तिथेच पसरायचं नाही. आणि तो फोन. त्या तळावरची हेलिकॉप्टर जखमींना उचलायलाही जातात. आपल्या चुकीनंतर जे आपल्याला शोधायला येणार, त्यांच्या वाटेत आपण आधीच लटकत असू नये, इतका साधा हिशेब.

आपल्या सह्याद्रीत हे निराळ्या रूपात आहेच. अवघड कड्यावर जाताना पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून जायचं, हा जुन्या गिर्यारोहकांचा दंडक. न सांगता गेलेल्यांना शोधायला रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन निघतात ती त्याच गावची माणसं, आणि शहरांतून धावून येणारी बचावाची पोरं पदरमोड करून येतात. मी एकदा न सांगता गेलो होतो. वाट चुकलो, रात्र कपारीत काढली. सकाळी खाली उतरलो तेव्हा वाडीतल्या मावशींनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, “दादा, आमची मानसं भातलावणी सोडून रात्रभर हिंडली.” त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. बेसवाल्यांचा फोन मला समजला तो त्या चहामुळे.

शेवटची एक रीत सांगतो. माथ्यावर पोहोचलेला जंपर वारा बघतो, आणि बरं वाटलं नाही तर आल्या वाटेने चालत खाली येतो. तासन्‌तास चढून, पाठीवर ओझं घेऊन. अशा वेळी सोबत्यांनी त्याला चिडवायचं नाही, कारण विचारायचं नाही, ‘चल रे, काही होत नाही’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. परत फिरायला जागा ठेवणं ही सोबत्यांची जबाबदारी. चार मित्रांच्या आग्रहाने पावसाळ्यात धबधब्याखाली उतरणाऱ्या आपल्या मुलांसाठी एवढी एकच रीत उचलता आली, तरी पुष्कळ झालं.

तेव्हा पुढच्या खेपेला लाउटरब्रुनेनमध्ये कुणी वरून येताना दिसलं, तर पॅराशूट उघडल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. तो कुरणात कुठे उतरतो ते बघा. कापड गोळा करून तो कडेकडेने वाटेला लागला, तर ओळखा की वर त्याने फोनही केला असणार. टाळ्या तेव्हा वाजवा.