ट्रेनी की अप्रेंटिस?

(पिंपरीतील कामगार मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी दोनच इंग्रजी शब्दांबद्दल बोलणार आहे: 'ट्रेनी' आणि 'अप्रेंटिस'. भोसरी, तळवडे, चाकण, कुठेही जा, कितीतरी मुलींच्या गेटपासवर यातला एक शब्द असतो. आपण दोन्हींना 'शिकाऊ' म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण दोन्हींत फरक आहे.

मागे चाकणच्या एका कारखान्यातली मुलगी माझ्याकडे आली. मराठवाड्यातली, पाचजणींत एक खोली घेऊन राहणारी. लाइनवरचा सुपरवायझर मुद्दाम अंगाला घासून जायचा. ती तक्रार घेऊन ऑफिसात गेली, तर उत्तर मिळालं, "तू ट्रेनी आहेस. कमिटी एम्प्लॉयींसाठी आहे." मला म्हणाली, "ताई, मग मी कोण?"

'अप्रेंटिस' हा कायद्यातला शब्द आहे. सरकारी मराठीत 'शिकाऊ उमेदवार'. १९६१ च्या कायद्याप्रमाणे तिचा लेखी करार होतो, त्याची सरकारकडे नोंद होते, मुदत ठरते, किमान विद्यावेतन ठरते. हा कायदा तिला कामगार मानत नाही, हे खरं. पण कारखान्यातले आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे नियम तिलाही लागू असतात, आणि शिकताना अपघाताने इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो.

'ट्रेनी'चं तसं नाही. मालकाने पत्रावर लिहिलं, की झाली ट्रेनी! पण हा शब्द जरा उलटून पाहा. एम्प्लॉयर असतो म्हणून एम्प्लॉयी असते. तसा ट्रेनर असला तरच ट्रेनी. म्हणून मी प्रत्येकीला विचारते, तुझा ट्रेनर कोण? तो काय शिकवतो? जी दोन वर्षं तेच मशीन चालवते, परमनंट कामगाराइतकं प्रॉडक्शन देते, नव्या मुलींना स्वतःच शिकवते, ती कसली ट्रेनी? कामगार कोण हे ठरवताना कोर्टांनीही पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व दिलेलं आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. १९९७ साली विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत कायम, हंगामी, कंत्राटी सगळ्या आहेत. ट्रेनी आणि अप्रेंटिस हे दोन्ही शब्दही तिथे स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे पगाराच्या बाबतीत हे शब्द वेगळे असतील, पण छळाच्या तक्रारीसाठी दोघींचा हक्क सारखाच. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

आम्ही व्याख्येचा तो उतारा अर्जाला जोडला. अर्ज घ्यावा लागला, चौकशी झाली, सुपरवायझरला त्या लाइनवरून हलवलं. मात्र मुदत संपल्यावर मुलीला पुन्हा बोलावलं नाही. अर्धीच लढाई जिंकलो, हे मी लपवणार नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर पेटीतलं नेमणुकीचं पत्र काढा. त्यावर कोणता शब्द आहे, करार नोंदलेला आहे का, मुदत किती, हे वाचा. वाचता आलं नाही तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण मिळून वाचू.