परसबागेचे बारा महिने

मालाडसारख्या उपनगरांत बाग म्हणावी एवढी जागा आतां थोड्याच घरांच्या वांट्याला येते. मढ-मार्वेच्या बाजूस, ओर्लेमच्या जुन्या वस्तींत किंवा पूर्वेकडे टेकडीच्या पायथ्याशीं अजून कांहीं बैठीं घरें आहेत. त्यांच्या मागें एखाददुसरा नारळ, एक शेवगा, कढीलिंबाचें झाड, तुळशीवृंदावन आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळवाचा एक वाफा असतो. बाकीच्या कुटुंबांची बाग म्हणजे सज्जांतील दहापांच कुंड्या, किंवा इमारतीच्या गच्चीवर शेजाऱ्यांनीं मिळून केलेले चार वाफे. परंतु जागा हातभर असो वा गुंठाभर, तिचें वर्ष पाण्याच्या हिशेबानें चालतें. सांताक्रूझच्या वेधशाळेंत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीनें सुमारें २३०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. त्यांतील आठशेंहून अधिक एकट्या जुलै महिन्याचा. उरलेल्या आठ महिन्यांत पडतो तो नांवापुरता. म्हणून येथें बाग करणाऱ्यास चार महिने पाणी बाहेर घालवावें लागतें आणि आठ महिने तें राखावें लागतें. दुसऱ्या प्रांतांतील पुस्तकें वाचून जे येथें बाग करूं जातात, त्यांची निराशा होते ती बहुधा हें न ओळखल्यामुळें.

या बागेच्या वर्षाचा आरंभ पावसाळ्याच्या तोंडावर होतो. जुन्या घरांतील वडील मंडळी मृग नक्षत्राचा हिशेब धरीत. ७ किंवा ८ जूनला मृग लागला कीं बियाणें काढावयाचें, असा परिपाठ होता. हवामानखात्याच्या मतें मुंबईस मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. परंतु २०२३ सालीं तो २५ जूनला आला आणि २०२५ सालीं २६ मे रोजींच येऊन ठेपला. महिन्याभराचा हा फरक लक्षांत घेतला म्हणजे नुसत्या तारखेच्या भरंवशावर बसणें कसें अंगाशीं येतें तें उमगतें. पेरणी पाऊस पाहून करावी. पावसापूर्वींचीं कामें मात्र मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांतच उरकलेलीं असावींत.

त्यांतील पहिलें काम पाण्याच्या वाटेचें. पावसाचें पाणी आवारांत कोठून येतें आणि कोठें जातें हें पाहून चर खणावे, मोरीच्या जाळीवरचा पाला काढावा आणि वाफे भोंवतालच्या जमिनीपासून वीतभर उंच करावे. कुंड्यांचीं बुडाचीं भोंकें मुळांनीं किंवा मातीनें बुजलेलीं असतात. तीं काडीनें मोकळीं करून घ्यावीं. मुरमाड जमिनींत पाणी लवकर निचरतें. खाडीकडील सखल भागांत, विशेषतः जेथें भराव टाकलेला आहे तेथें, तें तुंबून राहतें. पपईच्या बुंध्याशीं पाणी सांचून राहिलें कीं बुंधा कुजतो आणि फळांनीं लगडलेलें झाड एखाद्या रात्रीं आडवें होतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसापुढें घरगुती चराची मात्रा चालत नाहीं. परंतु चर खणावयाचा तो जुलैंतल्या नेहमींच्या पावसासाठीं, आणि त्याला तो पुरतो.

दुसरें काम झाडांचें. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ पाडेल्याकडून उतरवून घ्यावे. शेवग्याचें लाकूड ठिसूळ. त्याच्या लांब फांद्या वाऱ्यानें मोडण्यापूर्वींच छाटाव्या. छाटलेल्या जाड फांद्यांचे तुकडे पावसाच्या आरंभीं जमिनींत रोवले तर त्यांना मुळें फुटतात. मोठ्या वृक्षांच्या बाबतींत मात्र कुऱ्हाड हातीं घेण्यापूर्वीं महानगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ सालचा आहे, आणि तो खासगी आवारांतील झाडांसही लागू आहे. परवानगी मिळण्यास वेळ लागतो. तेव्हां अर्ज फाल्गुनांतच करणें बरें. सज्जांत बाग करणाऱ्यांनीं कठड्यावरच्या कुंड्या खालीं उतरवून ठेवाव्या. वाऱ्यानें सुटलेली एक कुंडी रस्त्यानें जाणाऱ्याच्या जिवावर बेतूं शकते.

पाऊस लागला म्हणजे नवख्या माणसास वाटतें कीं आतां बागेंत काम उरलें नाहीं. वास्तविक याच दिवसांत अधिक लक्ष लागतें. काकडी, दोडका, पडवळ, कारलें यांच्या बिया पहिल्या धो धो सरींत मातींत टाकल्या तर त्या वाहून जातात किंवा कुजतात. म्हणून वळचणीखालीं लहान डब्यांत रोपें करावीं आणि त्यांना तीनचार पानें आलीं कीं उघडीप पाहून तीं मातीच्या गड्ड्यासकट लावावीं. मांडव आधींच घातलेला असावा. जमिनीवर पसरलेल्या वेलीचीं फळें चिखलांत सडतात. अळू, हळद आणि आलें हीं पावसाळ्याचींच पिकें. पण हळद-आल्याचे कंद सांचलेल्या पाण्यांत कुजत असल्यानें त्यांची जागा उंच वरंब्यावर. खत या दिवसांत जपून घालावें. मुसळधार पावसांत घातलेलें खत झाडाला न मिळतां मोरींतून खाडीला मिळतें.

या दिवसांत बागेंत एक पाहुणी येते ती मोठी आफ्रिकन गोगलगाय. १८४७ सालीं ती कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून पसरत गेली. एका रात्रींत ती रोपांचा वाफा साफ करते. संध्याकाळीं ओलें गोणपाट वाफ्याजवळ पसरून ठेवलें तर पहांटे त्याखालीं गोगलगायी जमलेल्या सांपडतात. हातमोजे घालून त्या उचलाव्या आणि मिठाच्या दाट पाण्यांत टाकाव्या. त्यांच्या अंगांत माणसाला बाधणारे कृमी असूं शकतात. म्हणून मुलांना त्यांच्याशीं खेळूं देऊं नये आणि बागेंतील पालेभाजी नीट धुतल्यावांचून खाऊं नये.

तथापि पावसाळ्यांत बागेपासून घराला सर्वांत मोठें भय असतें तें डांसांचें. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं मुंबई शहरांतील हिंवतापाच्या कारणांचा अहवाल सादर केला. हा ताप दलदलीचा, असा जुना समज. बेंटले यांना त्याचें मूळ घरोघरच्या विहिरींत आणि टांक्यांत सांपडलें. पुढें विहिरी बुजविण्याचे किंवा झांकण्याचे हुकूम निघाले, आणि ज्यांच्या धर्मकृत्यांस विहिरीचें पाणी लागे त्यांनीं त्यांस विरोधही केला. मालाड त्या वेळीं शहराच्या हद्दीबाहेर, साष्टी तालुक्यांत होतें. बृहन्मुंबईंत तें १९५७ सालीं आलें. आतां विहिरी थोड्याच उरल्या आहेत, पण त्यांची उणीव कुंडीखालच्या ताटल्या भरून काढतात. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डांसाची मादी वाटीभर स्वच्छ पाण्यांतही अंडीं घालते, आणि अंड्यापासून उडता डांस होण्यास उबदार हवेंत आठदहा दिवस पुरतात.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो चुकवून चालत नाहीं. आठवड्याचा एक वार ठरवून त्या दिवशीं आवारांतील सांचलेलें सर्व पाणी ओतून द्यावें. नुसतें ओतणेंही पुरत नाहीं. एडीसचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हां पाणी मिळतांच फुटतात. म्हणून ताटल्या काथ्यानें घांसून धुवाव्या. पावसाळाभर त्या काढूनच ठेवल्या तर फारच उत्तम. झारी, करवंट्या, रिकामे डबे, प्लास्टिकच्या कापडाच्या घड्या, मांडवाच्या बांबूंचीं उघडीं तोंडें हीं सर्व ठिकाणें त्याच फेरींत पाहावीं. कमळाचें पिंप किंवा वापरांतली विहीर असेल तर तींत गप्पी मासे सोडावे. ज्या घरीं बाग आहे त्या घराकडून शेजाराचें एवढें तरी देणें लागतें.

मुंबईंतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. चार महिने ओलाव्यांत वाढलेल्या झाडांचीं मुळें मातीच्या वरच्या थरांतच पसरलेलीं असतात, आणि त्यांच्यावर एकाएकीं ऑक्टोबरचें ऊन पडतें. पावसांत जगलेलीं रोपें पाऊस थांबल्यावर मरतात तीं यामुळें. म्हणून पाऊस ओसरतांच माती हलक्या हातानें खुरपून, झाडांभोंवतीं आळीं करून त्यांत सुक्या पाल्याचा चारपांच बोटें जाड थर द्यावा. हा पाला जाळूं नये. तो मातींतील ओल राखतो आणि पुढें स्वतःच खत होतो. पावसांत अडवून ठेवलेलें खत देण्याची वेळही हीच. गुलाबाची छाटणी याच सुमारास करावयाची. बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित् वर तिरपा काप घ्यावा.

दिवाळीच्या आगेंमागें वांगीं, टोमॅटो यांचीं रोपें लावावीं आणि मुळा, पालक, कोथिंबीर, मेथी पेरावी. मुंबईच्या बाजारांत समुद्रमेथी म्हणून जी इवलीशी जुडी मिळते ती किनाऱ्यालगतच्या रेतींत दाट पेरून कोंवळी उपटलेली मेथीच होय. उथळ खोक्यांत रेती-माती घालून ती सज्जांतही घेतां येते. एकदम सर्व बीं न पेरतां दर आठवड्यास थोडथोडें पेरलें म्हणजे घरांत भाजीचा खंड पडत नाहीं. हिंवाळा ओसरूं लागला कीं मोगऱ्याची छाटणी करून त्याला खतपाणी द्यावें. उन्हाळ्यांतील फुलें नव्या फुटव्यांवर येतात. ऊन तापूं लागल्यावर जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसूं लागतो. मुंग्यांची रांग फांदीवर चढतांना दिसली कीं पानांची मागील बाजू तपासावी, लागलेले शेंडे काढावे आणि साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा द्यावा.

यानंतर राहतें पाणी राखण्याचें काम. ज्या वर्षीं तलाव खालावून पाणीकपात होते, त्या वर्षीं पिण्याचें पाणी झाडांना घालणें मनाला पटत नाहीं, आणि पटूंही नये. तांदूळ-डाळ धुतलेलें आणि भाजी निवळलेलें पाणी बादलींत सांठवलें तर दहाबारा कुंड्यांचें भागतें. मात्र तें त्याच दिवशीं वापरावें. खाडीजवळच्या विहिरीचें पाणी चैत्र-वैशाखांत मचूळ होत असेल तर तें कुंड्यांना देऊं नये. त्यानें मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. पाणी सकाळीं लवकर घालावें, तेंही बोट मातींत खुपसून पाहिल्यावर. आंत ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नको.

अशा तऱ्हेनें वर्ष फिरून पुन्हां चर खणण्यापाशीं येतें. त्या वेळीं उपयोगी पडते ती एक साधी वही. पहिला पाऊस कोणत्या तारखेस झाला, आवाराच्या कोणत्या कोपऱ्यांत पाणी तुंबलें, कोणतें रोप कोणत्या आठवड्यांत गेलें, एवढेंच तींत टिपावें. पंचांगांतील नक्षत्रें सर्वांसाठीं असतात. ही वही मालाडच्या त्या एका आवारासाठीं असते. ती लिहिण्याचें आणि दर आठवड्यास ताटल्या पाहण्याचें काम घरांतील मुलांकडे सोंपवलें, तर बाग पुढच्या पिढीच्या हातींही जाईल.