कंपवात आणि माणसाचे चालणे



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. पंचवीस-तीस वर्षे गेटसभांतून घसा बसवून घेतलेला माणूस दुसरे काय बोलणार! पण आज आम्ही बोलणार आहोत ते कंपवात जडलेल्या माणसाच्या चालण्याविषयी. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेशी आमचा संबंध नववीपर्यंतच आला. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रात्रपाळीत झाले. तेव्हा आमच्या बोलण्यातून कोणी औषध घेऊ नये. ते डॉक्टरांकडूनच घ्यावे. आमच्याकडून घ्यायचेच तर एका चुकीची हकिकत घ्यावी. ती चूक आमची स्वतःची आहे.

एका खाजगी कारखान्यात आमचे एक सहकारी फिटर होते. त्यांना सगळे नाना म्हणत. हात इतका नेमका, की मापयंत्र न लावता बोटानेच खोच सांगावी. एका मोर्चात आम्ही त्यांच्या मागे चालत होतो. त्यांचा डावा हात चालण्याबरोबर झुलत होता आणि उजवा अंगाशी चिकटल्यासारखा स्थिर होता. आम्ही ते पाहिले आणि सोडून दिले. वर्षभराने ते पाय घाशीत चालू लागले. मग एका सकाळी, सातच्या भोंग्याला, मोठ्या गेटातल्या दिंडीपाशी नाना उभेच राहिले. पाय जमिनीला खिळल्यासारखे. मागे रांग खोळंबली. कोणीतरी ढकलले, तसे ते चार पावले धावत गेले आणि पडले. पहारेकऱ्याने अहवाल दिला : कामगार दारू पिऊन आला. आधीच 'काम मंदावतो' असा शेरा होता. त्यात ही भर. चार्जशीट आले.

मंडळी, त्या संध्याकाळी आम्ही नानांना बाजूला घेतले आणि विचारले, "नाना, खरं सांगा, घेता का?" नाना काही बोलले नाहीत. आमच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर रागही दिसला नाही, म्हणून आम्हांला वाटले, माणसाला लाजच राहिली नाही. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात आणि मनातला राग तोंडावर उमटत नाही, हे आम्हांला पुढे कळले.

जिच्या नावाने हा आजार ओळखला जातो, ती व्यक्ती आम्हां चळवळीतल्या लोकांना जवळची वाटावी अशी आहे. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या गरीब वस्तीतला डॉक्टर. जन्म ११ एप्रिल १७५५; म्हणूनच तो दिवस आज जगभर ह्या आजाराचा दिवस म्हणून पाळला जातो. सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा, म्हणून झगडणाऱ्या लंडन करस्पाँडिंग सोसायटीचा तो सभासद होता. 'ओल्ड ह्यूबर्ट' ह्या टोपणनावाने तो पत्रके लिही. राजाला मारण्याच्या एका कथित कटाच्या संबंधात १७९४ साली त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्षीला उभे राहावे लागले होते. पुढे १८१७ साली त्याने ह्या रोगावर छोटासा निबंध लिहिला. त्यात माणसे केवळ सहा, आणि त्यांपैकी काही रस्त्यात भेटलेली. एकाला तर त्याने दुरूनच पाहिले. थरथरणारा हात, पुढे वाकलेले धड आणि मनात नसता चालण्याचे धावण्यात होणारे रूपांतर, हे सारे त्याने टिपले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पावलांकडे नीट पाहिले, आणि आम्ही मात्र शेजारून चालणाऱ्या नानांकडे पाहिले नाही.

आता हे होते कसे? आपण चालतो तेव्हा डावा-उजवा असा हिशेब करीत नाही. मुरलेला कारागीर यंत्रावर हात ठेवून शेजाऱ्याशी गप्पा मारतो, तसे हे चालणे मेंदूच्या मुरलेल्या भागांकडे सोपवलेले असते. मेंदूच्या बुंध्यात काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा आहे. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य पुरवतात आणि त्याच्या बळावर हालचालीचा आकार व वेग ठरतो. कंपवातात ह्या पेशी हळूहळू मरतात. बऱ्याच पेशी गेल्यावरच बाहेर खूण दिसते. मग पाऊल आखूड पडते, हात झुलत नाही, वळताना सारे अंग लाकडासारखे एकदम वळते. आणि दार, अरुंद बोळ किंवा गर्दी समोर आली, की पाय गोठतात. पाय लुळे नसतात. त्यांत बळ असते. बळाला हुकूम नीट पोचत नाही.

हे ज्ञान हाती आले त्यात आपल्या मातीचाही वाटा आहे. सर्पगंधेचे औषध रक्तदाबावर चालते, हे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि ती वनस्पती जगाच्या नजरेत आली. तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य दिलेले ससे निपचित पडतात. त्यांना लेव्होडोपा टोचले की ते पुन्हा हालू लागतात, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन ह्यांनी १९५७ साली दाखवले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामीन फार कमी असते, हे व्हिएन्नात १९६० साली सिद्ध झाले. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही हेच लेव्होडोपा असते. मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ सालीच वेगळे करून दाखवले होते. पण म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. मात्रा बीगणिक बदलते, आणि मात्रेतच तर सगळे आहे.

आता मोजण्याकडे वळतो. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. स्टॉपवॉच दिसले की आमच्या कपाळाला आठी पडते. ते हातात घेऊन दर ठरवणारा साहेब मागे उभा राहिला, की भाकरीचा चतकोर गेलाच समजायचे. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी खिशातून स्टॉपवॉच काढले, तेव्हा नानांच्याही अंगावर काटा आला असेल. त्यांनी एक खुर्ची ठेवली आणि तीन मीटरवर खडूची रेघ ओढली. खुर्चीतून उठायचे, रेघेपर्यंत चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. एवढीच परीक्षा. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर चालते. धडधाकट माणसाला तिला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. नानांना एकोणतीस लागले.

बाई म्हणाल्या, "हळू चालतो, एवढ्यावर मला काही करता येत नाही. उठायला वेळ गेला, की चालायला, की वळायला, हे मला कळलं पाहिजे." त्यांनी पावलेही मोजली. वेग म्हणजे पावलाची लांबी आणि दर मिनिटाची पावले ह्यांचा गुणाकार. कंपवातात मुख्य तोटा लांबीत येतो, आणि तो भरून काढायला पावले घाईने पडू लागतात. पावलापावलातला वेळ किती अनियमित आहे, हेही पाहतात, कारण अनियमितपणा वाढला की पडण्याचा धोका वाढतो. मग नानांना चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. नाना दुसऱ्याच वजाबाकीला थबकले. जे चालणे आपोआप होत असे, ते आता लक्ष देऊन करावे लागते. लक्ष दुसरीकडे गेले की पाय अडतो.

एक अडचण मात्र राहते. डॉक्टरांसमोर रोगी सगळे लक्ष लावून चालतो आणि घरच्या मोरीच्या दारात अडतो. म्हणून हल्ली कमरेला लहानसे यंत्र बांधून दिवसभराची चाल टिपतात. आम्हांला ते परवडणारे नव्हते. आम्ही वही घातली. नानांच्या चाळीच्या गॅलरीत तीन मीटरची रेघ मारली आणि त्यांचा मुलगा रोज दोनदा वेळ लिहू लागला. गोळीपूर्वी एकोणतीस-तीस, गोळीनंतर तासाने सोळा. काही दुपारी मात्र गोळी लागूच पडेना. वही पाहून बाईंनी ओळखले : नाना गोळी डाळ-दुधाच्या जेवणासोबत घेत होते, आणि प्रथिने तिच्या वाटेत आडवी येत होती. जेवणाआधीची वेळ ठरवून दिली आणि दुपार सुधारली. मंडळी, तेच घड्याळ. पण कोण धरतो आणि कशासाठी धरतो, ह्यावर ते वैरी की सखा हे ठरते.

उपचाराविषयी थोडेसे. लेव्होडोपाची गोळी हा आजही मुख्य आधार आहे. ती वेळेवर घ्यावी, मनाने एकदम बंद करू नये. त्यात जिवाला धोका आहे. काही वर्षांनी तिचा असर लवकर ओसरू लागतो, अंग आपोआप हलू लागते. तेव्हा मात्रा बदलावी लागते, आणि निवडक रोग्यांना मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पण हेही सांगितले पाहिजे, की तोल जाणे आणि पाय गोठणे ह्यांचा काही भाग गोळीलाही जुमानत नाही. पेशी मरणे थांबवणारे औषध अजून हाती आलेले नाही.

तेथे दुसरे उपाय कामी येतात. मेलबर्नच्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवले, की जमिनीवर आडव्या पट्ट्या आखून त्यांवर पाऊल टाकायला सांगितले, तर आखूड पाऊल जवळजवळ पूर्ववत लांब पडते. आपोआप चालवणारी वाट बिघडली, तरी डोळ्यांनी पाहून चालण्याची वाट शाबूत असते. ठेक्याचाही असाच उपयोग होतो. सपाटीवर अडणारा माणूस पायऱ्या सहज उतरतो. हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहून मिलेहा सोनेजी ह्या भारतीय तरुणीने घराच्या फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र पसरले, आणि काका त्यावरून चालत गेले. हॉलंडमध्ये तर चार पावले धड न टाकणारा एक रोगी सायकल मात्र बिनचूक चालवतो, हे डॉक्टरांनी २०१० साली चित्रफितीसह प्रसिद्ध केले. ह्याला ढोंग म्हणणारे आपल्याकडे किती निघतील, ह्याचा विचार करावा. शिवाय रोजचा व्यायाम हवा. तोल सुधारून पडणे कमी करण्यात त्याचा खरा उपयोग आहे. घरच्यांनी रोग्याला ओढू नये, घाई करू नये, चालताना बोलायला लावू नये. वळताना मोठा वळसा घेऊ द्यावा.

आणि एक सावधगिरी. प्रत्येक घाशीत चालणारा माणूस कंपवाताचा नसतो. मानसिक आजारावरची, उलटीवरची, चक्करेवरची काही औषधे अशीच चाल आणतात आणि ती थांबवल्यावर बहुधा जाते. मँगनीजच्या धुळीनेही तसे होते. ग्लासगोच्या एका कारखान्यातले असे कामगार १८३७ सालीच नोंदले गेले. तो आजार वेगळा आणि लेव्होडोपाला फारशी दाद न देणारा. आपल्याकडे नागपूर-भंडारा भागात मँगनीजच्या खाणी आहेत. तेथे काम करणाऱ्याची चाल बदलली, तर डॉक्टरांना आधी त्याचा धंदा सांगावा.

नानांच्या चौकशीत आम्ही डॉक्टरांचा दाखला आणि ती वही पुढे ठेवली. चौकशी अधिकाऱ्याने वही दोनदा चाळली. आरोप मागे घेतला गेला. नानांना बसून करायचे तपासणीचे काम मिळाले. रंगखात्यातल्या पोरांनी दिंडीपाशी आणि त्यांच्या वाटेवर पिवळ्या आडव्या पट्ट्या ओढल्या. ज्याने अहवाल दिला होता, तोच पहारेकरी सकाळी "एक-दोन, एक-दोन" म्हणू लागला. नाना त्या पट्ट्यांवरून आणखी साडेतीन वर्षे कामावर आले. पुढे २०१६ च्या कायद्याने कंपवात हा अपंगत्वाच्या यादीत घातला. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता किंवा खाली उतरवता येत नाही. खाजगी कामगाराला एवढे कवच नाही. ते मिळवणे आमच्या चळवळीकडे बाकी आहे.

शेवटी एका दिवाळीला आम्ही नानांना म्हणालो, "त्या दिवशी आम्ही तुम्हांला तसं विचारायला नको होतं." नाना बराच वेळ थांबले. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला होता. म्हणाले, "तुम्ही निदान विचारलंत. बाकीच्यांनी ठरवूनच टाकलं होतं."

श्रोतेहो, उद्या रस्त्यात एखादा माणूस आखूड पावलांनी चालताना दिसला, दारात अडकलेला दिसला, तर त्याला ढकलू नका आणि मनाशी निकालही देऊ नका. त्याच्या पुढ्यात आपले पाऊल आडवे ठेवा आणि म्हणा, "दादा, ह्याच्यावरून पाय टाका." बहुधा तो चालू लागेल.