तानपुरा किती दूर पोचतो?

आकाशवाणीने बंगळुरूत १००.१ मेगाहर्ट्झवर शास्त्रीय संगीताची 'अमृतवर्षिणी' ही एफएम वाहिनी सुरू केली. एफएमवर तानपुऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येते, सतारीच्या तारेवर घसरणारं बोटसुद्धा जाणवतं. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आलाप तुटतो, खरखर उरते.

मध्यम लहरींचं तसं नाही. दिवसा त्या जमिनीलगत जातात. रात्री मात्र त्यांना शोषून घेणारा वातावरणातला थर विरतो, मग त्या आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. नाद थोडा दबतो खरा, पण राग दरबारी दूरच्या वाडीवस्तीवर पोचतो. बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना १९५२मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला या लहरींनी घरोघरी नेलं.

२६ जानेवारी २०१६ला आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची 'रागम्' वाहिनी आली. ती डीटीएचवर, मोबाइलवर देशभर मिळते. तरी गोठ्यातल्या खुंटीवरच्या ट्रान्झिस्टरसाठी, प्रत्येक राज्यात एखाद्या मध्यम लहरीवर रोज रात्री तासभर तरी ती ऐकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.